डांबर दरवर्षी पडते, मग रस्ता का टिकत नाही?

जुलै उजाडला की पारावर, एसटीत आणि ग्रामसभेत हा प्रश्न हमखास निघतो. मार्चमध्ये काळाकुळकुळीत केलेला रस्ता आषाढात खड्ड्यांनी भरतो, दिवाळीनंतर त्यावर पुन्हा डांबर पडते आणि पुढच्या आषाढात पुन्हा तेच. बहुतेकांचे उत्तर तयार असते : ठेकेदाराने पैसे खाल्ले. काही ठिकाणी ते खरे असते आणि तिथे कारवाई झालीच पाहिजे. पण एवढ्यावरच थांबलो तर मूळ दुखणे तसेच राहते. चोख माल वापरून केलेला डांबराचा थरही दोन पावसाळ्यांत उखडू शकतो, कारण रस्त्याचा बिघाड बहुतेक वेळा डांबरात सुरू होत नाही. तो त्याच्या खाली सुरू होतो.

महाराष्ट्रात तीन लाख किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते आहेत. बातम्यांत झळकणारे द्रुतगती मार्ग त्यात अगदी थोडे. बाकी सारे राज्य मार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ते. दूध, ऊस, कांदा, शाळेची मुले आणि बाळंतीण याच रस्त्यांवरून जातात. हे प्रकरण त्या रस्त्यांविषयी आहे.

१. डांबराखाली काय असते?

आपल्याला दिसतो तो रस्त्याचा वरचा पातळ थर. जिल्हा मार्गावर त्याची जाडी अनेकदा दोन ते पाच सेंटीमीटर असते. त्याला साइटवर ‘कार्पेट’ म्हणतात. त्याच्याखाली खडीचे थर, त्याखाली मुरुमाचा थर आणि सगळ्यांत खाली त्या जागेची मूळ माती, दाबून घट्ट केलेली.

गाडीचे चाक तळहाताएवढ्या जागेवर सगळे वजन टेकवते. हे वजन खडीच्या एका दगडावरून खालच्या दोन-तीन दगडांवर, त्यांच्यावरून आणखी पाच-सहा दगडांवर असे पसरत जाते. मातीपर्यंत पोहोचेपर्यंत ते इतके पसरलेले असावे लागते, की मातीला ते सोसवेल. खडीच्या थरांची जाडी यासाठीच ठरवतात. माती कणखर असेल तर थर कमी पुरतात, दुबळी असेल तर जास्त लागतात.

म्हणजे वजन शेवटी पेलते ती माती. डांबराचे काम वेगळे. चाकांच्या घर्षणाने खडी सुटू नये आणि पावसाचे पाणी खाली झिरपू नये, यासाठी तो थर असतो. स्कॉटलंडचे जॉन लाउडन मॅकाडम यांनी दोनशे वर्षांपूर्वी हेच सांगितले होते, आणि तेव्हा तर रस्त्यांवर डांबरही नव्हते. मूळ जमीन कोरडी ठेवा, ती कितीही वजन सोसेल, असा त्यांचा आग्रह होता. बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकांत आजही ‘वॉटर बाउंड मॅकाडम’ नावाचा खडीचा थर असतो.

२. पाणी कुठून शिरते?

पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भाच्या मोठ्या पट्ट्यात काळी माती आहे. कापसाला आणि ज्वारीला ती उत्तम, रस्त्याला मात्र अवघड. भिजली की फुगते, वाळली की आक्रसते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरडी असताना दगडासारखी कडक असलेली ही माती भिजल्यावर आपली बहुतेक ताकद गमावते. म्हणून तिच्यावर थेट खडी पसरणे चुकीचे. मध्ये मुरुमाचा चांगला जाड थर हवा, किंवा मातीत चुना मिसळून तिचे फुगणे आवरायला हवे. कोकणात मातीचे दुखणे वेगळे, पण पावसाचे प्रमाण इतके मोठे की हिशेब शेवटी पाण्यापाशीच येतो.

पाणी तीन वाटांनी शिरते. पहिली वाट वरून. उन्हाने डांबरातला लवचीकपणा वर्षागणिक कमी होतो, ते ठिसूळ होते आणि बारीक भेगा पडतात. दुसरी वाट बाजूने. रस्त्याचा मध्य कडेपेक्षा उंच ठेवतात. सात मीटर रुंद रस्त्यावर मध्यापासून कडेपर्यंत सुमारे ९ सेंटीमीटर उतार असला की पाणी पटकन बाहेर जाते. पण कडेला साइडपट्टीवर गवत वाढते, धूळ-माती साचते आणि काही वर्षांत साइडपट्टी डांबरापेक्षा उंच होते. मग पाणी कडेलाच तुंबते आणि आत मुरते. तिसरी वाट खालून. गटार बुजलेले असले की त्यात साचलेले पाणी जमिनीतून रस्त्याच्या पायात चढते.

गटार बुजते कसे? कुणी शेतात ट्रॅक्टर नेण्यासाठी त्यात माती टाकतो, खाली पाइप घालत नाही. कुणी दुकानासमोर फरशी टाकतो. कुठे मोरीच्या तोंडाशी काटेरी झुडपे आणि प्लास्टिक अडकते. एका शेताच्या वाटेसाठी बुजवलेले दहा फूट गटार वरच्या बाजूचा पाव किलोमीटर रस्ता भिजवून ठेवू शकते.

खाली पाणी मुरल्यावर जे होते ते डोळ्यांनी पाहता येते. पावसाची उघडीप झाल्यावर एखाद्या जिल्हा मार्गाच्या कडेला थांबा. जड ट्रक गेला की जाळीदार भेगांतून चिखलाचे पांढुरके पाणी बुडबुड वर येते. चाकाच्या दाबाने खालचे पाणी उसळते आणि येताना खडीमधला बारीक भुसा सोबत आणते. प्रत्येक चाकागणिक चिमूटभर भुसा बाहेर पडतो. खाली पोकळी होते, वरचे डांबर अधांतरी राहते आणि एके दिवशी त्याचा तुकडा निखळतो. आपल्याला तो खड्डा त्या दिवशी दिसतो, पण त्याची तयारी महिनोन्महिने चाललेली असते. अशा रस्त्यावर नुसता नवा थर चढवला तर तोही त्याच पोकळीवर बसतो. दरवर्षी डांबर पडूनही खड्डे का पडतात, याचे अर्धे उत्तर हे आहे.

३. एक ट्रक म्हणजे किती गाड्या?

उरलेले अर्धे उत्तर वजनात आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ खास चाचणी-रस्ते बांधून त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक दोन वर्षे फिरवले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही जगभर वापरतात : एक्सलवरचे वजन जितके पट वाढते, त्याच्या चौथ्या घाताइतकी झीज वाढते. चौथा घात म्हणजे तीच संख्या चार वेळा घेऊन केलेला गुणाकार. वजन दुप्पट झाले तर झीज २ × २ × २ × २, म्हणजे १६ पट.

आता आपल्या रस्त्यावरचे उदाहरण घेऊ. लहान मोटारीच्या एका एक्सलवर सुमारे ०.६ टन वजन असते. ट्रकच्या चार टायरांच्या मागच्या एक्सलवर जुन्या मर्यादेनुसार १०.२ टन चालत. वजन १७ पट. झीज किती? १७ चा चौथा घात, म्हणजे ८३,५२१. ट्रकचा तो एक एक्सल एकदा गेला की मोटारीचा एक्सल ८३ हजारांहून अधिक वेळा गेल्याइतकी झीज होते. नियम ढोबळ असला तरी आवाका कळतो. मोटारी आणि दुचाकींनी रस्ता फारसा झिजत नाही. जड वाहनांनी झिजतो, आणि जादा भार भरलेल्या वाहनांनी तर फारच. २० टक्के जादा माल भरला की झीज दुपटीहून थोडी अधिक होते.

२०१८ साली केंद्र सरकारने या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वाढ सुमारे १३ टक्के, पण चौथ्या घाताने झीज सुमारे १.६ पट. वाहतूक स्वस्त होण्यासाठी तो निर्णय घेतला गेला आणि त्यामागची निकड खरी होती. मात्र आधी बांधलेले जिल्हा मार्ग त्या दिवशी आपोआप जाड झाले नाहीत.

साखर कारखान्यांच्या भागात गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अरुंद रस्त्याच्या कडेवरून जातात. समोरून वाहन आले की एक चाक साइडपट्टीवर उतरते, डांबराची कड तुटते आणि ३.७५ मीटरचा रस्ता बघता बघता तीन मीटरचा होतो. माझ्या मते ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांचा विचार कारखान्यांच्या गाळपाशी जोडूनच व्हायला हवा. वाहतुकीची मोजणी मे महिन्यात करून जानेवारीचा रस्ता आखता येत नाही.

४. हे रस्ते जन्मले कसे?

जुने रस्ते सुधारणे अवघड का, हे कळायला त्यांचा जन्म पाहावा लागतो. भारतात रस्त्यांसाठी पेट्रोलवरील करातून वेगळा निधी उभारण्याची शिफारस १९२७ साली नेमलेल्या समितीने केली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९२९ मध्ये तो निधी सुरू झाला. १९४३ साली मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि देशातील रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतीय, जिल्हा आणि ग्रामीण अशी वर्गवारी तिथे झाली. आजची वर्गवारी त्याच आखणीतून आलेली आहे.

पण कागदावरची वर्गवारी वेगळी आणि जमिनीवरचा रस्ता वेगळा. आपल्या पुष्कळ जिल्हा मार्गांची सुरुवात बैलगाडीच्या वाटेने झाली. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली. मे १९७३ मध्ये त्या कामांवर राबणाऱ्यांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. बायाबापड्यांनी उन्हात खडी फोडली, मातीचे भराव घातले. पुढे रोजगार हमीतूनही असे रस्ते होत राहिले. त्या कामांचा हेतू माणसे जगवण्याचा होता आणि तो पार पडला. त्यातून हजारो गावांना वाट मिळाली, हे ऋण मोठे आहे.

नंतर त्या भरावांवर मुरूम पडला, मग खडीकरण झाले, मग डांबरीकरण. वाहतूक वाढली तसा गावरस्त्याचा जिल्हा मार्ग आणि जिल्हा मार्गाचा राज्य मार्ग झाला. दर्जा कागदावर चढत गेला, पाया मात्र बैलगाडी आणि एखाद-दुसऱ्या एसटीच्या हिशेबाचाच राहिला. आज त्याच पायावरून पंचवीस-तीस टनांची वाहने जातात.

५. दुरुस्ती केव्हा करायची?

कौलारू घरात मृगाआधी कौले शाकारतात. दोन-चार फुटकी कौले बदलायला कितीसा खर्च? ती तशीच ठेवली तर पाणी वाशांवर गळते, वासे कुजतात आणि मग छप्परच उतरवावे लागते. डांबराचा थर म्हणजे कौले आणि खडी-मुरुमाचे थर म्हणजे वासे.

रस्ता एका वेगाने बिघडत नाही. पहिली काही वर्षे तो जवळजवळ तसाच दिसतो. भेगा पडू लागल्यावरही गाडी नीट चालते, म्हणून कुणी तक्रार करत नाही. नेमकी हीच दुरुस्तीची वेळ असते. ती निसटली की पाणी आत शिरते आणि पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत रस्ता कोसळतो. आपल्याकडे पैसा मंजूर होतो तो बहुधा कोसळल्यावर, ओरड झाल्यावर.

हिशेब करून पाहू. पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. एका रस्त्यावर दर किलोमीटरला वर्षाला ५० हजार रुपये गटारे, साइडपट्टी आणि भेगा बुजवण्यासाठी खर्चले आणि पाचव्या व दहाव्या वर्षी १५-१५ लाखांचा नवा थर दिला. पंधरा वर्षांचा खर्च साडेसदतीस लाख, आणि रस्ता सर्व काळ चांगला. शेजारच्या रस्त्यावर काहीच केले नाही. आठव्या वर्षी तो पायापर्यंत गेला आणि नव्याने बांधायला ८० लाख लागले. खर्च दुपटीहून अधिक, शिवाय मधली तीन वर्षे लोकांची हाडे खिळखिळी झाली आणि गाड्यांचे स्प्रिंग तुटले ते वेगळेच.

जागतिक बँकेने १९८८ मध्ये ८५ विकसनशील देशांचा असाच हिशेब मांडला होता. दुर्लक्षामुळे या देशांनी सुमारे ४५ अब्ज डॉलर मोलाचे रस्ते गमावले होते. वेळेवर देखभाल केली असती तर १२ अब्जांहून कमी खर्चात ते वाचले असते.

पूर्वी ठरावीक लांबीच्या रस्त्यावर बांधकाम खात्याचे मैलकुली नेमलेले असत. घमेले, फावडे आणि कोयता एवढ्या साधनांवर ते गटार मोकळे ठेवत, साइडपट्टी खरवडत, लहान खड्डा लहान असतानाच भरत. त्यांना आपल्या हद्दीतली प्रत्येक मोरी माहीत असे. ही माणसे निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. राज्याच्या रस्त्यांचे याहून मोठे नुकसान दुसऱ्या कोणत्याही एका गोष्टीने झालेले नाही, असे मला वाटते. यंत्रे भाड्याने मिळतात, पण रोज रस्त्यावर असणारी नजर भाड्याने मिळत नाही.

६. खड्डा भरण्याची रीत

खड्ड्यात काळी खडी ओतून फावड्याच्या पाठीने थोपटणे आपण सर्वांनी पाहिले आहे. असे ठिगळ आठवडाभरात सुटते. बरोबर रीत अशी. आधी खड्ड्याभोवती खडूने चौकोन आखायचा, तोही भेगा संपून पक्का रस्ता लागेल तिथपर्यंत. त्या रेषेवर कापून कडा सरळ उभ्या करायच्या. आतला चिखल आणि सुटी खडी काढून ब्रशने तळ झाडायचा. तळाला आणि कडांना गरम डांबराचा पातळ हात द्यायचा, म्हणजे नवे जुन्याला धरते. मग गरम मिश्रण थराथराने भरायचे आणि कडेकडून मध्याकडे दाबत यायचे. शेवटी सरळ पट्टी आडवी धरून पातळी तपासायची.

यात महागडे काही नाही, पण तळ कोरडा हवा. ओल्या दगडाला डांबर चिकटत नाही. म्हणून भर पावसात केलेली भरणी तात्पुरतीच समजावी. तेव्हा थंड मिश्रणाने खड्डा भरून अपघात टाळायचे आणि उघडीप मिळताच तो पुन्हा नीट करायचा.

७. रस्ता वाढवायचा म्हणजे काय?

एकपदरी रस्ता ३.७५ मीटरचा, मधल्या रुंदीचा ५.५ मीटरचा आणि दुपदरी ७ मीटरचा असतो. रुंदी वाढवण्याआधी जुना पाया किती उरला आहे हे मोजावे लागते. त्यासाठी ‘बेंकेलमन बीम’ नावाचे साधे उपकरण आहे. सुमारे ८ टन वजनाचा मागचा एक्सल असलेला ट्रक उभा करून त्याच्या जोडचाकांच्या मध्ये लांब दांडी सरकवतात. ट्रक पुढे गेला की दबलेला रस्ता किती वर आला ते दांडी मिलिमीटरच्या अंशांत दाखवते. कमी दबणाऱ्या रस्त्याचे नुसत्या नव्या थराने भागते. जास्त दबणारा उकरून काढावा लागतो. ही मोजणी काही दिवसांत होते आणि ती टाळली तर कोट्यवधींचे डांबर कुजक्या पायावर पडते.

नवी रुंदी जुन्या भरावाला नुसती चिकटवली तर दोन्हींच्या सांध्यावर लांबच लांब भेग पडते, कारण जुना भाग दबून बसलेला असतो आणि नवा अजून बसत असतो. म्हणून जुन्या भरावात पायऱ्या कापून नवी माती त्यात गुंतवायची. मोऱ्याही रुंद करायच्या. सात मीटर रस्त्यावर मध्येच जुन्या रुंदीची मोरी उरली तर रात्रीच्या वेळी ती जीवघेणी ठरते. गावठाणात तर थरावर थर चढवून रस्ता घरांच्या उंबऱ्यापेक्षा उंच होतो आणि पाणी घरात शिरते. तिथे जुना थर खरवडूनच नवा द्यावा, किंवा दोन्ही बाजूंच्या गटारांसह काँक्रीट करावे.

८. पूल

रस्त्याच्या साखळीतला सर्वांत जुना दुवा बहुधा पूल असतो. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्री नदीचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहने नदीत गेली. शेजारी नवा पूल असूनही जुन्यावरून एका दिशेची वाहतूक सुरू होती. त्याच्या जागी पुढे १६५ दिवसांत नवा पूल बांधून तो जून २०१७ मध्ये खुला करण्यात आला. एवढ्या वेगाने बांधता येते, तर तपासणीही वेळेवर करता येते.

पुलाचा धोका वरून दिसत नाही. पुराचे पाणी खांबांच्या पायाखालची माती खरवडून नेते. म्हणून तपासणी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, पाण्याच्या पातळीला उतरून व्हायला हवी. कठडे रंगवल्याने ती होत नाही.

९. रस्ता कोणाचा?

तक्रार करायची तर मालक कळला पाहिजे. कडेचा किलोमीटरचा दगड पाहा. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे.

सुधारणेसाठी पैसा वेगवेगळ्या वाटांनी येतो. जानेवारी २०२१ मध्ये आशियाई विकास बँकेच्या १७.७ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला, सुमारे ४५० किलोमीटर राज्य रस्त्यांच्या सुधारणेसाठी. राज्याने हायब्रिड अ‍ॅन्युइटी पद्धतही आणली, ज्यात सरकार काही रक्कम बांधकामाच्या काळात देते आणि उरलेली पुढच्या वर्षांत हप्त्यांनी. ठेकेदाराचे पैसे अडकलेले असल्याने रस्ता टिकवण्यात त्याचा स्वार्थ राहतो, हा त्यातला चांगला भाग. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल ठेक्यातच धरलेली असते. इतर कामांतही दोषदायित्व कालावधी असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने तो दुरुस्त करायचा असतो.

ही मुदत रस्त्याच्या सुरुवातीच्या फलकावर लिहिलेली असते. त्या फलकाचा फोटो काढून ठेवा. मुदत संपण्याआधीच्या पावसाळ्यात रस्ता पायी फिरून पाहा, भेगा आणि तुंबलेली जागा टिपा आणि संबंधित उपअभियंत्याकडे लेखी द्या. आणि पुढच्या मे महिन्यातल्या ग्रामसभेत डांबराची मागणी करण्याआधी गटारे उपसण्याची, साइडपट्ट्या खाली घेण्याची आणि मोऱ्या मोकळ्या करण्याची मागणी ठरावात लिहून घ्या. आपल्या शेताच्या वाटेखाली पाइप नसेल, तर तो मात्र आपणच घाला.